ग्रहणात चिरलेली वांगी

प्रेमच्या हृदयातलं भोक बुजलं. ऑपरेशन झालं, पोरगं शुद्धीवर आलं, आणि आल्या आल्या त्यानं नर्सबाईच्या चष्म्याला हात घातला. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजू. कारण ज्या दिवसांची ही गोष्ट आहे, त्या दिवसांत हसनाबादेत ही बातमी कोणाकडेच नव्हती, आणि पुंजाराम गुरुजींकडे तर बिलकुलच नव्हती. तेव्हा भोक अजून उघडंच आहे, ऑपरेशनची तारीख कोणी दिलेली नाही, आणि गुरुजी ओसरीत खाटेवर बसून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघताहेत.

हात तसा नावाजलेला होता. या हातानं जिल्हा परिषदेच्या शाळेत हयातभर खडू धरला. याच हातानं गुरुजींनी लोकांच्या दारावरची लिंबू-मिरची तोडून ती रस्सा करायला घरी नेली. आडवं गेलेलं मांजर उचलून पुन्हा आडवं नेलं, आणि तरीही ज्या कामाला निघालो ते झालं, असं दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांना सांगितलं. मांजराला मात्र त्याचा त्रास झाला. बाकी गुरुजींचं घर बौद्ध, वडिलांच्या पिढीपासून. देव नाही, नवस नाही, मुहूर्त नाही. मिथुनचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या पोराचं लग्न त्यांनी मुद्दाम अमावस्येला लावलं होतं. कार्यालय स्वस्तात मिळालं हा वेगळा फायदा.

तर त्या वर्षी दिवाळीत सूर्यग्रहण आलं. आणि मिथुनच्या बायकोला, साक्षीला, सातवा महिना होता. असा योग पुन्हा येत नाही. योग हा शब्द गुरुजींनी वापरला नाही, त्यांनी संधी म्हटलं.

"ग्रहणात पोटुशा बाईनं काही चिरलं तर लेकरू चिरलेलं निघतं म्हणतात," गुरुजी घरात म्हणाले. "आपण चौकात टेबल टाकू. साक्षी तिथं बसून भाजी चिरीन. सगळ्या गावासमोर."

"सुनेला बाजारात मांडून राह्यले का तुम्ही?" गिरिजाबाई म्हणाल्या. त्या गुरुजींच्या पत्नी. नवऱ्याच्या प्रत्येक क्रांतीनंतर भांडी त्यांनाच घासावी लागत, त्यामुळं क्रांतीकडे त्या जरा बेतानंच बघत.

साक्षी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "चिरते मी, मामा. पण मंग फोडणी दुसऱ्या कोणी द्यायची. मला वास सहन होत न्हाई."

एवढ्यावर ठरलं. ग्रामपंचायतीसमोर टेबल लागलं. ग्रहणाचे काळे चष्मे वाटले. सूर्य खालून कुरतडला जायला लागला तशी गुरुजींनी घरून आणलेला चाकू स्वतःच्या उजव्या हातानं सुनेच्या हातात दिला. साक्षीनं किलोभर वांगी चिरली, तीही देठासकट व्यवस्थित. शेजारच्या कांदेवाल्यानं फुकटात कांदे दिले, ते पण चिरले. विहारातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

गर्दीतून झुंबरबाई पुढं आली. झुंबरबाई गुरुजींच्या पलीकडच्या गल्लीतली. जुनं शेतकरी घर, कपाळाला आडवं कुंकू, आणि ग्रहणाच्या बाबतीत तिचा वचक असा की गल्लीतल्या गाभण म्हशीसुद्धा त्या वेळेत हालत नसत.

"गुरुजी," ती म्हणाली, "देव तुमचा न्हाई, हे मला मान्य हे. पण सूर्य तर तुमचाबी त्योच हे ना."

"सूर्य आहे मावशी. पण त्याला वांग्याशी काही घेणं न्हाई."

"पोरीला घरात न्या. हात जोडते."

तिनं खरोखर हात जोडले. चौक हसला. गुरुजी पण हसले. त्या हसण्याचा फोटोही निघाला.

जानेवारीत पोरगं झालं. कुठंही चिरलेलं नव्हतं. ओठ बरोबर, बोटं बरोबर, कान दोन. गुरुजींनी बाळाला उघडं करून, उलटं करून गावाला दाखवलं आणि नाव ठेवलं प्रेम. ज्यांनी बघायचं टाळलं त्यांच्या घरी नेऊन दाखवलं.

पण पोरगं वाढेना. दूध प्यायला घेतलं की चार घोट घेऊन थांबायचं, डोक्याला दरदरून घाम फुटायचा, छाती भात्यासारखी चालायची. गावच्या आशाताई, म्हणजे कांताबाई, लसीसाठी बोलवायला आल्या तेव्हा त्यांनी हे बघितलं आणि म्हणाल्या, थंडीत लेकराला घाम येऊन राह्यला, हे बराबर न्हाई, जालन्याला दाखवा. मिथुन आणि साक्षी घेऊन गेले.

डॉक्टरबाईंनी नाव विचारलं. मिथुन म्हणाला, प्रेम. तपासणी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, हृदयात भोक आहे. मिथुनला वाटलं त्या गंमत करताहेत. मग वाटलं, करत नाहीत. त्यानंतर त्या जे काही बोलल्या त्यातलं एक अक्षर त्याच्या कानात शिरलं नाही, तो भोक या शब्दापाशी उभा राहिला तो हसनाबादचा फाटा येईपर्यंत तिथंच उभा होता. ऐकलं ते साक्षीनं. घरी येऊन तिनं सांगितलं, "कोणाची चूक नसते म्हणल्या मॅडम. होतं म्हणल्या असं."

गुरुजींना ते सुनेचं मोठं मन वाटलं. सासऱ्याच्या तोंडावर कोण म्हणणार, की तुम्हीच दिला होता चाकू.

त्यांना धक्का बसला होता, पण तो भोकाचा नव्हता. भोक ऐकल्याबरोबर त्यांच्या डोळ्यापुढं चाकूचं टोक आलं होतं. आजारपण नाही, औषध नाही, डॉक्टर नाही. वांग्यात जाणारं टोक. उभ्या आयुष्यात त्यांनी जे दुसऱ्यांच्या डोक्यातून उपटलं, ते त्यांच्याच डोक्यात एवढं वाढलेलं निघालं, आणि त्यांना पत्ता नव्हता. लोकांच्या घरांना वाळवी लागली म्हणून गावभर औषध मारत फिरावं आणि परत आल्यावर आपल्याच दाराची चौकट हातात यावी, तसं झालं.

गाव काही बोललं नाही. हेच वाईट होतं. गावानं शिव्या दिल्या असत्या तर गुरुजींनी उत्तरं दिली असती, त्यांची तयारी होती. पण कचरूच्या चहाच्या टपरीवर ते जाऊन बसले की लोक एकदम कपाशीच्या भावावर बोलायला लागायचे. कपाशीचा हंगाम संपला होता तरी.

शेवटी भागवतनं तोंड उघडलं. भागवत हा गुरुजींचाच जुना विद्यार्थी, चौथीत दोनदा बसलेला.

"गुरुजी, वांगी किती होती तवा?"

"किलोभर."

भागवतनं बशीतला चहा संपवला. "किलोभर वांगी चिरून एकच भोक," तो म्हणाला. "मी म्हणतो स्वस्तात सुटले."

टपरीवर कोणी हसलं नाही. गुरुजी घरी आले आणि खाटेवर बसून हाताकडे बघायला लागले. तिथूनच आपण सुरुवात केली होती.

असे काही दिवस गेले. प्रेमला औषधं सुरू होती, वजन वाढलं की ऑपरेशन करू असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. घरात सगळे त्या वजनाच्या मागं. साक्षी रात्रंदिवस चमच्यानं दूध पाजत होती. गुरुजींना पोराला उचलावंसं वाटायचं आणि ते डावा हात पुढं करायचे. गिरिजाबाईंनी हे बघितलं.

"उजव्याला काय झालं?"

"दुखून राह्यला."

"मंग दाखवा."

"दाखवतो," गुरुजी म्हणाले, आणि एका भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना, मागच्या दारानं झुंबरबाईकडे गेले.

झुंबरबाई अंगणात मिरच्या निवडत होती, बाजूला म्हैस बांधलेली. गुरुजींना तिनं खुर्ची दिली. चहा घरातल्याच कपात आला, हे गुरुजींच्या लक्षात आलं. एरवी त्यांनी यावर दोन शब्द बोलून दाखवले असते, आज जीव नव्हता.

"मावशी, एक विचारायचं होतं."

"इचारा की."

"उपाय काय असतो?"

"कशावर?"

गुरुजींनी रस्त्याकडे बघितलं. कोणी नव्हतं, एक शेळी होती. त्यांनी शेळीलाही जाऊ दिलं. "ग्रहण लागलेल्यावर," ते म्हणाले.

झुंबरबाईच्या हातातली मिरची हातातच राहिली. "तुम्ही इचारून राह्यले?"

"हो."

"गुरुजी, ही म्हैस आत्ता मराठीत बोलली असती तरी मला येवढा धक्का बसला नसता."

"शांती करतात ना काहीतरी. दान असतं. जे असंल ते सांगा, मी करतो. फक्त मिथुनला सांगू नका, आणि साक्षीला तर बिलकुल न्हाई."

झुंबरबाईनं सूप बाजूला ठेवलं. ती मिरच्यांचे देठ मोडत बसली. गुरुजींना वाटलं, आता ही हसणार. चौकात आपण हसलो होतो, आता हिची पाळी.

"उपाय न्हाई," ती म्हणाली.

"असं कसं? काहीतरी असंल."

"असता तर माझा धर्मराज राह्यला असता."

गुरुजींना झुंबरबाईचा एकच मुलगा माहीत होता. कल्याण, ट्रॅक्टर चालवतो. "कोण धर्मराज?"

"कल्याणच्या आधीचा. तुम्ही तवा गावात आल्ते न्हाई." ती खालीच बघत होती. "ऐंशी सालचं ग्रहण, शिवरात्रीनंतरचं. मला आठवा लागला होता. सासूनं चटईवर उताणी निजवलं, दार लावलं, सोता दारात बसली. हात सरळ, पाय सरळ. म्हणली, कूस बदलशील तर याद राख. न्हाई बदलली. पाणी न्हाई पिली. थुंकी गिळली न्हाई. सगळं बराबर केलं, गुरुजी. तुमच्या शाळेत असते तर पयला नंबर आला असता."

"मंग?"

"मंग मुंगी चावली. पोटरीला. मी दुसऱ्या पायाच्या अंगठ्यानं इतकुसं खाजवलं."

तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

"पोरगं निळं झालं. रडलं की निळं पडायचं, जांभळाच्या रंगाचं. चालाय लागलं तर चार पावलं टाकायचं अन उकिडवं बसायचं. पुन्हा चार पावलं, पुन्हा उकिडवं. लोक म्हणायचे, झुंबरचं लेकरू आत्तापासून पंचायतीत बसल्यावानी बसतंय. हसायचे. मी बी हसायची. अन घरी येऊन अंगठ्याकडं बघायची. तिसऱ्या वर्षी गेलं." तिनं मिरची सुपात टाकली. "कोणाला बोलले न्हाई. सासूला कळलं असतं खाजवलं म्हणून तर तिनं घराबाहेर काढलं असतं. तवापासून गावातल्या एका पोटुशीला हालू दिलं न्हाई मी. अन तुम्ही चौकात टेबल टाकलं."

शाळेत असताना गुरुजींनी हिच्यावर भाषणं केली होती. नाव न घेता, पण सगळ्या गल्लीला कळायचं. हिच्या हट्टाच्या तळाशी एक अंगठा आहे, हे त्यांना कुठल्या पुस्तकातून कळणार होतं. एकानं किलोभर वांगी चिरायला लावली, दुसरीनं मुंगी चावली तिथं इतकुसं खाजवलं, आणि शिक्षा दोघांना एकच. कायद्याच्या राज्यात असं होत नाही, असं त्यांच्या मनात आलं. मग आलं, की हे कोणाचं राज्य आहे तेच माहीत नाही.

"मावशी," ते म्हणाले, "आम्ही परवा जालन्याला चाललो, डॉक्टरकडं. जीपमध्ये जागा हे."

"मी येऊन काय करू?"

"विचारू. मला एकट्याला भ्या वाटतंय."

झुंबरबाईनं पदर नीट केला. "मला बी," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंच्या खोलीत चार मोठी माणसं आणि एक लेकरू एवढी गर्दी झाली. डॉक्टरबाई वयानं लहान, बोलणं सरळ. बाळाची आजी कोणती म्हणून त्यांनी विचारलं. गिरिजाबाई घरीच राहिल्या होत्या, त्यामुळं कोणीच पुढं आलं नाही. तरी झुंबरबाई बसली.

"मॅडम," गुरुजींनी घसा साफ केला, "हे भोक पडलं कधी?"

"पडलं नाही. राहिलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "भोक पाडावं लागत नाही, भिंत घालावी लागते. हृदय सुरुवातीला एक नळी असतं, सरळ. ती लांब होते, जागा पुरत नाही म्हणून वाकते, पीळ घेते. तोवर आत सगळं एकच असतं. मग मधोमध भिंत चढायला लागते. एक भाग खालून वर येतो, वरून दुसरा येतो, मध्ये गादीसारखं काहीतरी तयार होतं, आणि सगळे एका ठिकाणी येऊन चिकटतात. याच्या वेळी वरच्या कोपऱ्यात चिकटायचं राहिलं. म्हणून डावीकडचं रक्त उजवीकडं घुसतं, तिथून पुन्हा फुप्फुसात जातं. फुप्फुसाला दुप्पट काम, हृदयाला पण. म्हणून घाम."

"भावाभावांच्या वाटणीत घालतात तशी भिंत म्हणा की," झुंबरबाई म्हणाली.

"तशीच."

"अन भाजीची वाटी द्यायला वर जागा राह्यली."

डॉक्टरबाईंनी एकदा तिच्याकडं बघितलं. "मी आता सगळ्यांना असंच सांगणार," त्या म्हणाल्या.

"पण कधी?" गुरुजींनी पुन्हा विचारलं. "सातव्या महिन्यात?"

"छे. गर्भ राहिल्यापासून दोन महिन्यांच्या आत हे काम संपतं. सातव्या महिन्यात भिंत असली तर असते, नसली तर नसते. तेव्हा कोणी काहीही केलं तरी नवीन भोक पडत नाही. काय केलं होतं तुम्ही?"

"ग्रहणात वांगी चिरायला लावली."

"मग?"

"मग भाजी केली," साक्षी म्हणाली.

"चांगली झाली होती?"

"मीठ जास्त झालं. मिथुननं टाकलं होतं."

गुरुजींना हसू येत नव्हतं. "मग राहिलं का? भिंत का न्हाई चिकटली?"

"बहुतेक वेळा सांगता येत नाही. कधी आईला सुरुवातीला गोवरासारखा रुबेला झालेला असतो, कधी साखर असते, कधी एखादं औषध, कधी वंशातून येतं. यांना सगळं विचारलंय, यातलं काही सापडलं नाही. इतकं बारीक काम, इतक्या घाईत, आणि तेही बहुतेकांचं नीट होतं, याचंच मला नवल वाटतं."

मग गुरुजींनी झुंबरबाईकडं बघितलं. ती बोलेना. गुरुजीच म्हणाले, "मॅडम, यांचं एक लेकरू होतं. जुनी गोष्ट हे. रडलं की निळं पडायचं. चार पावलं चाललं की..."

"उकिडवं बसायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

झुंबरबाईनं खुर्चीचा दांडा धरला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, आजी. ती मुलं तशीच बसतात. तसं बसलं की फुप्फुसाकडं जरा जास्त रक्त जातं, त्यांना बरं वाटतं. कोणी शिकवत नाही, त्यांची तीच शोधतात. त्या आजारात भिंत एका बाजूला सरकलेली असते, आणि फुप्फुसाकडं जायची वाट अरुंद होते. ते पण तेव्हाच. दोन महिन्यांच्या आत."

"आठव्यात न्हाई?"

"आठव्यात नाही."

"पायानं खाजवलं तर?"

"कोणाला?"

धर्मराज पंचायतीत बसल्यासारखा का बसायचा, हे एका परक्या पोरीनं त्याला न बघता सांगितलं होतं. गावात एवढी वर्षं कोणालाच माहीत नव्हतं. झुंबरबाई उठली, बाहेर गेली, आणि दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसली. उकिडवीच बसली. जीप सुटेपर्यंत कोणी तिला उठवलं नाही.

परतीच्या वाटेवर गुरुजींना हलकं वाटायला हवं होतं. सुटले होते ते. उजवा हात निर्दोष सुटला होता. तरी राजूर मागं पडेपर्यंत ते बोटं मोजत होते.

"मे महिना," ते म्हणाले. "साक्षी, मे महिन्यात आपण काय करत होतो?"

"कूलरचं गवत बदललं, मामा. तुम्ही अन मिथुन भांडले. गवत उलटं बसवलं म्हणून."

"तुला माहीत होतं तेव्हा?"

"काय?"

"की पोटात आहे."

"न्हाई. जूनमधी कळलं."

गुरुजींनी मोजायची बोटं मिटून घेतली. बांधकाम चालू होतं. ज्या घरात ते कूलरच्या गवतावरून पोराशी भांडत होते, त्याच घरात, चार हातांवर, सगळ्यात मोठी भिंत चढत होती. गवंडी दिसला नाही, आवाज आला नाही, कोणी पाणीसुद्धा मागितलं नाही. आपण तिथंच होतो. ही गोष्ट त्यांना वांग्यांपेक्षा भयंकर वाटली. वांग्यांच्या वेळी निदान त्यांना कोणी अडवायला तरी आलं होतं.

प्रेमचं वजन हळूहळू भरलं. पावसाळ्यात संभाजीनगरच्या एका दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली. सकाळी त्याला आत नेलं. साक्षी दाराच्या अगदी समोर उभी राहिली, मिथुन जिन्यात, गिरिजाबाई पाण्याच्या टाकीपाशी. बाकड्यावर गुरुजी, आणि शेजारी झुंबरबाई. तिला कोणी बोलावलं नव्हतं. कल्याणला मोटारसायकल काढायला लावून ती आली होती.

"किती येळ लागतो?"

"सांगता येत न्हाई म्हणले."

"तुम्ही हात का जोडून राह्यले?"

गुरुजींनी खाली बघितलं. हात एकमेकांत होते. त्यांनी ते सोडवले, मग काय करावं कळेना म्हणून खिशातून पेन काढलं, आणि औषधांच्या पावतीची कोरी बाजू मांडीवर घेतली.

"काय लिव्हता?"

"अर्ज."

"कशाचा?"

गुरुजींनी सांगितलं. झुंबरबाईनं ऐकून घेतलं. वेडेपणा आहे असं तिला वाटलं नाही.

"पाठवायचा कोणाला पण?"

"तेच बघून राह्यलो."

"तुमचा देव न्हाई," झुंबरबाई म्हणाली, "अन माझा ऐकत न्हाई. कलेक्टरला द्या."

दार बंद होतं. वरचा लाल दिवा चालू होता. साक्षी हलली नव्हती. गुरुजींनी शाळेतल्या अक्षरात लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता झुंबरबाईला वाचून दाखवलं. शेवटचं कलम तिनं घालायला लावलं, आणि अंगठा दिला. हाताचा.

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब, जालना

विषय : गर्भातील हृदयाचे बांधकाम सुरू होण्यापूर्वी कुटुंबास पूर्वसूचना मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी विनंती करण्यात येते की, आपल्या जिल्ह्यात गर्भातील हृदयाच्या भिंतीचे काम कोणासही न कळविता, खुद्द आईसही माहिती नसताना, परस्पर उरकण्यात येते. काही राहून गेल्यास त्याचा ठपका मागाहून घरच्या मंडळींवर येतो, व ते तो विनातक्रार स्वीकारतात. तरी यापुढे सदर काम हाती घेण्यापूर्वी संबंधित घरी लेखी कळविण्यात यावे, काम चालू असल्याचा फलक दर्शनी भागी लावण्यात यावा, व भिंत जुळण्याच्या दिवशी घरातील किमान एका जबाबदार व्यक्तीस समक्ष हजर राहू द्यावे. तसेच अर्जदार क्रमांक दोन यांचे प्रकरण जुने असल्याने, त्यांना सदर सूचना पूर्वलक्षी प्रभावाने, सन १९७९ च्या पावसाळ्यातील योग्य त्या तारखेने देण्यात यावी, ही नम्र विनंती.